लिंबाला बांधलेली तार

अप्पा गेल्यावर चिंताकी गावातल्या घरी त्यांची पेटी उघडली, तर काळ्या तारेचं वेटोळं हाती आलं. अप्पांनी रेडिओपासून लिंबाच्या शेंड्यापर्यंत लांबलचक तार बांधली होती. तिच्यावर पहाटे दूरच्या केंद्राची वचनं, शरणांची कन्नड भक्तिगीतं, लागायची. गुलबर्ग्याहून कॉलेजच्या सुट्टीत आलेला मी म्हणालो, "अप्पा, एवढी तार कामून? हातभर बास," आणि एफएमचं गणित लावून ती कापली. नुसती खरखर उरली. तरी रेडिओ कानाला लावून अप्पा म्हणाले, "चांगलं ऐकू यायलंय की." मी खुशीत परतलो. अप्पांचं केंद्र मीडियम वेव्हचं, त्याला लांब तारच लागते, हे पुढच्या सत्रात शिकलो, पण घरी कधी कबूल केलं नाही. मी कापलेल्या त्या वेटोळ्याचं टोक अप्पांनी पुन्हा जोडण्यासाठी सोलून ठेवलं होतं. तिथलं तांबं आता हिरवं पडलंय.