बाराच्या आत

भन्तेंना मी पहिल्यांदा भेटले ती भर दुपारी एक वाजता, हातात जेवणाचा डबा घेऊन. भिक्खू बारानंतर जेवत नाहीत, एवढीसुद्धा अक्कल मला नव्हती. आम्ही जन्माने बौद्ध खरे, पण भन्ते म्हणजे स्टेजवर, लाऊडस्पीकरच्या मागे, लांबून बघायची गोष्ट. शिरूरबाहेरच्या पत्र्याच्या विहारात ते एकटेच उंबऱ्याशी बसले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी हात जोडले नाहीत की मान हलवली नाही. "काय उपासिका?" म्हणाले. मी मागे वळून बघितलं, आणखी कोण बाई आली म्हणून.

"भन्तेजी, भरलं वांगं आणलंय."

त्यांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. "गाडी सुटली, ताई."

"एक घास तरी घ्या!"

"फुटबोर्डवर पाय ठिवला म्हंजी गाडीत चढलंच की. डबा घरी न्या, पोरांना घाला."

मी तणतणत घरी आले. मी शाळेत शिकवते. नमस्काराला उत्तर न देणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं करते. दुसऱ्या दिवशी अकरालाच विहारात हजर झाले, ती जेवण द्यायला कमी आणि जाब विचारायला जास्त. भन्ते सावकाश जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "नमस्कार ह्या चीवराला व्हता, ताई. मी परत केला तर कापडाचा माल मी ढापला म्हनायचं." मला हसूच फुटलं. एरवी माझा राग जायला आठवडा लागतो.

भन्ते पूर्वी दौंडला रेल्वेत गार्ड होते. उभी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. बायको गेली, मुलं मार्गी लागली, तेव्हा त्यांनी चीवर घेतलं. पण रेल्वे काही अंगातून गेली नाही. मी त्यांच्याकडे ध्यानाला जाऊ लागले, पण डोळे मिटले की माझं मन गॅसवरच्या कुकरपर्यंत पळायचं. मी तक्रार केली की म्हणायचे, "पळू द्या. गार्ड कवा इंजनामागं पळतो का? आपन आपल्या डब्यात बसायचं." शेजारणीच्या कागाळ्या घेऊन गेले तर म्हणायचे, "ती शंटिंग करतीया. तुम्ही कशाला डबा जोडताय?" आणि खाण्याची आवड म्हणाल तर दांडगी. पुरणपोळीचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा खुलायचा, आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडत नसत.

म्हणूनच मी त्यांना आईकडे बोलवायचं ठरवलं. आई खुटबावला एकटी राहते. माझे वडील जेवता जेवता छातीत कळ आली म्हणून उठले, ते गेलेच. अर्धी भाकरी ताटात राहिली. तेव्हापासून आईचं एकच पालुपद: "माणूस उपाशी गेलं गं." त्यांच्या नावानं एका भन्तेंना आपल्या हातचं जेवू घालायचं, एवढंच तिला हवं होतं. ऐकून भन्ते म्हणाले, "येतो. पर बाराच्या आत."

वडिलांच्या पुण्यतिथीला आम्ही जीप करून सकाळीच निघालो. न्हावऱ्याच्या पुढे उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. मी खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याची सात पिढ्यांसकट हजेरी घेतली. भन्ते जीपमध्येच बसून होते. "लाईन क्लियर न्हाई, तर शिव्यांनी काय सिग्नल पडतो व्हय?" ते म्हणाले. मी त्यांच्यावरही खेकसले.

खुटबावला पोचलो तेव्हा माझ्या मोबाईलात बारा कधीच वाजून गेले होते. पण आईच्या भिंतीवरच्या घड्याळात अजून बारा व्हायचे होते! खाली स्टूल तसंच, आणि काचेवर पुरणाची बोटं. आई कुणाकडेच न बघता म्हणाली, "बसा भन्तेजी, येळ हाय अजून."

भन्तेंनी घड्याळ पाहिलं, काच पाहिली, अंगणातली सावली पाहिली. पोळ्यांची चळत आणि मासवड्यांचं ताट तर आधीच पाहिलं होतं. "माई, दौंडात लई जनांनी घड्याळं मागं सारली. गाडी काय माघारी आली न्हाई."

"मग व्हा चालते!" आई कडाडली. "ते उपाशी गेलं, तुम्हीबी जा उपाशी!"

मलाही सहन होईना. "एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे का, भन्तेजी? म्हातारीचं मन मोडायचं म्हणजे काय?"

"आवो, पर जातंय कोन?" भन्ते म्हणाले. "उद्याबी बारा वाजत्यातच की. रातीला पडाया समाजमंदिर कुठंशी हाय? आज निस्ता उसाचा रस चालंल, गाळून."

"ज्या उसानं घात केला, त्याचाच रस?" मी विचारलं.

"व्हय. त्याच्याशी काय भांडान हाय आपलं?"

दुसऱ्या दिवशी आईनं रात्र सरायच्या आत उठून सगळा स्वयंपाक नव्यानं केला; कालचं शिळं ती कसली वाढतेय! हाताच्या रेषा दिसण्याइतकं उजाडलं आणि भन्ते दारात उभे राहिले. मग जे जेवले म्हणता! आई वाढत होती, ते खात होते. शेवटी त्यांनी पात्रावर हात धरला. "माई, ओव्हरलोड." आईनं तो हात बाजूला व्हायची वाट पाहिली आणि आणखी एक पोळी टाकली. "ही त्यांची," म्हणाली. ती त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

दानाचं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावे करायची, ती पुण्यानुमोदनाची गाथा झाली. आई पदराला हात पुसत तिथंच उभी. "भन्तेजी, खरं सांगा. पोचलं का त्यांना?"

मला वाटलं, आता भन्ते होच म्हणणार. एवढ्या पोळ्या खाल्ल्यावर कुणीही म्हटलं असतं.

भन्तेंनी पात्र बाजूला ठेवलं. "पोचलं का ते मला ठावं न्हाई, माई. गार्डाला तेवढं कळत न्हाई. तुमच्या हातनं सुटलं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

आईनं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "व्हय," ती हळूच म्हणाली, "मीच धरून बसले व्हते."

मग तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि माझ्यावर ओरडली, "तू काय बघत उभी राहिलीस? बस की जेवायला."