चौसष्ट पायऱ्या

आमच्या कारखान्यातला ग्राइंडरवाला तीस वर्षं एका वहीत परदेशी सहलीचे बेत आखत होता. मधोमध फुटबॉलचा सामना, आजूबाजूला किल्ला आणि जुना पूल. कुठून कुठे चालायला किती मिनिटं लागतील, हे तो आधी कारखान्याभोवती तेवढंच चालून पाहायचा. न तपासलेलं काम त्याच्या हातून कधी गेलं नाही.

निवृत्तीनंतर त्यानं खरंच तिकिटं काढली. तोवर ग्राइंडरच्या धुळीनं त्याची फुप्फुसं खाल्ली होती. वहीतून त्यानं आधी किल्ला खोडला, मग पूल. उरला सामना. तिथली त्याची जागा चौसष्ट पायऱ्या वर होती.

एका सकाळी मला म्हणाला, "चल, पाण्याच्या टाकीचा जिना चढून बघू. त्यालाही तेवढ्याच पायऱ्या आहेत."

सत्ताविसाव्या पायरीवर तो खाली बसला. ओठ निळे पडले होते.

"लेका, थांबत थांबत चढ," मी म्हणालो. "तिथे कोण तुझी हजेरी घेतंय?"

"वर पोचेपर्यंत सामना संपेल की!" तो हसला, आणि मग खोकला थांबेना.

मी त्याला धरून खाली आणलं. घरी त्यानं वही उघडली आणि सामन्यावर रेघ मारली. पट्टी धरून, सरळ.