ताईची पळवाट

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची, अण्णांची, सेवा करण्यात ताईची उमेदीची वर्षं गेली. परगावच्या धाकट्या भावाने खोलीत कॅमेरा बसवून घेतला आणि तिच्या मागे आणखी दोन डोळे लागले.

पण तिला एक पळवाट सापडली होती. राऊटर बंद करून चालू केला की घराचा इंटरनेटवरचा पत्ता बदलायचा आणि भावाला कॅमेरा सापडायचा नाही. नवा पत्ता विचारायला त्याचा फोन येईपर्यंत, शेजारच्या काकूंना अण्णांपाशी बसवून, ती बागेत नुसती बसून यायची.

रविवारी भावाने फोनवर सांगून तिच्याच हातून राऊटरमध्ये एक कायमचं नाव भरून घेतलं.

"आता पत्ता बदलला तरी या नावाने घर सापडेल. तुझी कटकट मिटली, ताई."

"मिटली रे बाबा," ती म्हणाली. तिला ते पुरतं उमगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सवयीने राऊटर बंद-चालू केला. काकू आल्या. तिने चपला घातल्या.

"कुठे निघालीस गं?" कॅमेऱ्यातून भावाचा आवाज आला.

"मीच पाठवतोय, औषध आणायला," अण्णा पडल्या पडल्या म्हणाले.

"औषधं कालच घरपोच आली की, अण्णा!"

ताईने चपला काढल्या.