आमच्या गाडीला पोळ्याचं आवतन

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचा पोळा... पांढुर्ण्याला आमच्या अंगणात दोन बैल आणि एक लाल छोटी गाडी, असे तिघं शेजारी-शेजारी उभे असायचे. त्याच महिन्यात गाडीचं बँकेचं कर्ज फिटलं, आणि घरात वादाला तोंड फुटलं.

गाडी आता आपली झाली म्हणजे विकायला मोकळी, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. ह्यांचा संत्र्याचा धंदा. पावसाळ्यात काळ्या मातीत ती गाडी बगीच्यापर्यंत पोचायचीच नाही, मध्येच रुतायची आणि बैल लावून ओढावी लागायची. त्यांना जुनी का होईना, जीप पाहिजे होती.

माझं एकदम उलट. माझी नोकरी सौंसरच्या शाळेत, आणि गाडी मीच चालवायचे. शाळेतल्या आणखी दोघी बाई पेट्रोलात भागीदार होत्या. सुरुवातीला स्टँडवरचे लोक हातातला चहा विसरून बघत राहायचे... अरे, बाई गाडी चालवून राहिली! मग झाली त्यांना सवय.

जीप काही माझ्याच्यानं वळली नसती. म्हणजे पुन्हा बस, आणि बसनं घरी यायचं तर अंधार. "एवढंच होत असेल तर सोड नोकरी," हेही ह्यांनी एकदा जेवताना म्हणून टाकलं. मग काय... मी भांडले. चांगली कडाकडा भांडले!

सासरे तिथंच ताटावर बसले होते. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. ते खाली बघून भाकर मोडत राहिले. एरवी गाडीला ते 'डबडं' म्हणायचे, त्यामुळे ते लेकाच्याच बाजूचे असणार, हे मी धरून चालले होते.

ह्यांनी सौंसरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला शब्दही देऊन टाकला... पोळ्याच्या दिवशी या, गाडी घेऊन जा. मी घरात बोलणंच बंद केलं. राजीनाम्यात काय लिहायचं, ते पोळ्या लाटता लाटता मनात जुळवून राहिले होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळायचं, आणि कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा आवतन दिलं की बैल घरचा पाहुणा. त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत, दारातून दुसऱ्याच्या हवाली करत नाहीत.

मामाजींनी दोन्ही बैलांचं केलं. आणि मग वाटी घेऊन सरळ गाडीकडे गेले! बॉनेटवर दोन्ही बाजूंना लोणी चोळलं, खिडकीशी वाकले आणि तेच म्हणाले... "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी दिवा घेऊन ओट्यावर उभी. हसावं की काय करावं, कळेना. सासूबाई म्हणाल्या, "बुढ्याचं डोकं फिरलं वाटते." पण दुसऱ्या दिवशी बैलांसोबत गाडीलाही पुरणपोळीचा नैवेद्य त्यांनीच दाखवला.

दुपारी व्यापारी आले, नारळ-हार घेऊन. ह्यांच्या हातात किल्ली तयारच होती. पाहुण्यांनी बॉनेटवरचं पिवळं लोणी पाहिलं आणि जागीच थांबले. "हे काय भाऊ? गाडीले आवतन देलं काय?"

मामाजी खाटेवरून म्हणाले, "देलं."

झालं! तो माणूस सौंसरचा, त्याच्याही घरी बैल. "मंग मी नाही नेत बाप्पा. आवतनाचा पाहुना उठवून नेला त माह्या घरचे मले उंबऱ्यात घेनार नाही." ह्यांनी खूप समजावलं, पण छे! पोटभर पुरणपोळी जेवले, हार बैलाच्या गळ्यात घातला आणि बसनं परत गेले.

ह्यांचा पारा चढला. हा काय पोरखेळ बाबा, दोन दिवसांनी पुन्हा बोलावतो त्यांना, म्हणाले. मामाजी शांतपणे हात पुसत होते. "बोलाव. पन मंग तू उभा राह्यजो रोज इस्टँडवर. माह्याच्यानं आता होत नाही."

आम्हाला दोघांनाही कळेना. मग हळूहळू बाहेर आलं... गाडी येण्याआधी मी बसनं यायचे त्या सगळ्या दिवसांत मामाजी संध्याकाळी स्टँडजवळच्या पानठेल्यामागे उभे असायचे. मी उतरून घराकडे वळले की अंतर ठेवून मागून चालत यायचे. सुनेला वाटू नये, म्हातारा पाळत ठेवून राहिला, म्हणून कधी पुढे आले नाहीत. मला वाटायचं, ते देवळातून येतात.

बस उशिरा आली की त्यांचे पाय सुजायचे, हे सासूबाईंनी सांगितलं. "ही गाडी आली आन् मी सुटलो," मामाजी म्हणाले. "माहं जू इनं घेतलं. हिची खांद नाही शेकाची, त कोनाची शेकाची?"

ओट्यावरच रडले मी. सासऱ्यांसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्या दिवशी त्याच पदरानं नाक-डोळे पुसले. ह्यांनी किल्ली आणून माझ्या हातात दिली.

पुढे संत्र्याचं एक साल चांगलं गेलं, तेव्हा जीप आली आणि गाडीच्या बाजूला उभी राहिली. मी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. मामाजी जाऊन आता खूप वर्षं झाली.

परवा शाळेच्या कार्यक्रमात एका मुलीनं विचारलं, मॅडम, त्या काळात तुम्ही एकट्या कशा जात-येत होता? काय सांगणार तिला... एकटी मी कधी नव्हतेच बाई. मला ते उशिरा कळलं, एवढंच.