चवथीच्या शुभेच्छा, चंद्रावतीकडून

पार्से गावचा प्रज्योत पर्वरीच्या एका कंपनीत कामाला होता. छोट्या दुकानदारांना मोबाइलवर दुकान मांडता यावं, अशी सोय ही कंपनी करून द्यायची. सगळा कारभार इंग्रजीत. मराठी आणायची ठरली तेव्हा काम प्रज्योतच्या गळ्यात पडलं, कारण मराठी शाळेत शिकलेला तेवढा एकच होता. इतकी वर्षं ही गोष्ट त्याने ऑफिसात झाकून ठेवली होती. आता तिलाच भाव आला म्हटल्यावर गडी फुलला.

काम त्याने जीव ओतून केलं, हे मात्र खरं. नुसते शब्द बदलून भागत नाही, दुकान आपल्या माणसाचं वाटलं पाहिजे, असं तो मीटिंगमध्ये दहादा सांगायचा. म्हणून त्याने पदरची एक भर घातली. मराठी निवडलेल्या प्रत्येक दुकानातून चवथीच्या सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा आपोआप जाव्यात, दुकानदाराच्या नावाने आणि फोटोसकट. मजकूरही त्यानेच लिहिला. 'आमच्या घरी बाप्पा आले, घरात आनंदीआनंद आहे. तुमच्याही घरी तो येवो. चवथीनिमित्त सर्व मालावर खास सूट.'

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या डिचोलीच्या गौरवीने विचारलं, "कोणाला नको असेल तर बंद करायची सोय ठेवूया ना?"

"चवथ कोणाला नको असते?" प्रज्योत हसून म्हणाला. सगळेच हसले आणि विषय मिटला.

मराठी दुकान पहिल्यांदा मांडलं ते त्याच्या चंद्रावतीकाकीने. म्हणजे त्यानेच तिला मांडून दिलं. आई लवकर गेली तेव्हापासून तो या काकीच्या हातचं खाऊन वाढलेला. काकीची सोलं, काजू आणि उडदाचे पापड आता फोनवर दिसायला लागले. पहिली गिऱ्हाइकं वाड्यावरचे भाऊबंदच. समोरच्या घरातली माणसं फोनवरून पापड मागवायची आणि पाच मिनिटांत स्वतःच येऊन घेऊन जायची. काकीचा नवरा, गोकुळदासकाका, या प्रकाराची फार मजा वाटून घरापुढच्या सोप्यावर बसून खो खो हसायचा.

चवथ तोंडावर आली आणि गोकुळदासकाका गेला. सकाळी माडाला पाणी घालून आला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपला.

भाऊबंदांच्या सातही घरांना सुतक लागलं. सात घरांचे गणपती मूर्तिकाराच्या चित्रशाळेतच राहिले. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला बांधायला आणलेली फळं कोपऱ्यात पडून सुकायला लागली. मुंबईहून रजा काढून आलेली माणसं खाली मान घालून फोन बघत बसली. कुणी काकीला बोल लावला नाही. मरण काही सांगून येत नाही आणि सुतक पाळायचं तर पाळायचंच. पण पोरंबाळं रडत होती, बायकांची तोंडं उतरली होती, आणि हे सगळं आपल्या घरातल्या मरणामुळे झालं याचा भार काकीच्या मानेवर दिसत होता.

प्रज्योतही तिथेच होता. काकाला खांदा देऊन तो त्याच घरी राहिला होता, बिनफोडणीचं जेवत होता, आल्यागेल्याला काका कसा गेला ते सांगत होता. त्या मजकुराची त्याला एकदाही आठवण झाली नाही. ऑफिस म्हणजे पर्वरीला, आणि घर म्हणजे पार्सेला, अशी त्याने डोक्यात मधे भिंतच घातली होती.

चवथीच्या सकाळी सोप्यावर बसलेल्यांचे फोन एकामागून एक वाजले. मग शेजारच्या घरात वाजले. प्रज्योतने स्वतःचा फोन उघडला. हसरी काकी, कपाळाला ठसठशीत कुंकू, खाली 'आमच्या घरी बाप्पा आले, घरात आनंदीआनंद आहे.'

भाऊबंदांतले थोरले पांडुरंग फोन हातात घेऊन आत आले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"चंद्रावती, ह्या काय गे? सात घरांची चवथ ऱ्हवली, आणि तू सूट देतंस?"

काकीने फोन हातात घेतला. वाचायला तिला वेळ लागला. वाचून झाल्यावर तिने क्षणभर प्रज्योतकडे बघितलं. ती काही अडाणी नव्हती. दुकानात काय येतं आणि कुठून येतं, हे तिला ठाऊक होतं.

"माझोच हात लागलो," ती म्हणाली. "नवो फोन, माका खंय कळता."

प्रज्योतने खरं सांगायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरे होतं. पण सोप्यावर सगळे भाऊबंद बसलेले, कंपनीत मोठ्या जागेवर असलेला म्हणून त्याचं नाव घेणारे. त्याने मान खाली घातली आणि लोकांना ते दुःख वाटलं.

सगळे गेल्यावर काकी हळूच म्हणाली, "तुझे नोकरेक काय होवचा नाय मा?"

त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. 'नाय' एवढंच तो म्हणाला. त्याच दिवशी मागच्या खोलीत बसून त्याने तो मजकूर सगळ्या दुकानांतून काढून टाकला. तेवढं धैर्य त्याच्यात होतं, कारण त्याला कुणासमोर उभं राहावं लागत नव्हतं.

पुढचे दिवस बायका घरी येत, कामाला हात लावत, पण काकीशी बोलत नसत. विहिरीवर तिच्यामागून कुजबुज चाले. नवरा गेल्याचं तिला दुःख तरी झालं का, इथवर मजल गेली. प्रज्योत हे सगळं ऐकत होता आणि रोज उद्यावर ढकलत होता.

तेराव्याच्या पंगतीत शेवटी त्याला राहवेना. भात वाढत फिरणाऱ्या काकीच्या हाताकडे बघत तो उभा राहिला.

"तो मेसेज काकीन धाडूक नाय," तो म्हणाला. "तो मी लिवलेलो. आमच्या हापिसातसून आपोआप गेलो. चूक माझी."

पंगत थांबली. मग पांडुरंगांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुका काकीची माया आसा, ता दिसता," ते म्हणाले. "तिच्यासाठी सगळा आपल्या अंगावर घेतंस. पण झिला, तिना आपल्या तोंडान सांगल्यान मा?"

"असो पुतण्यो मिळाक नशीब लागता," कुणीतरी म्हणालं. माना डोलल्या.

प्रज्योत पुन्हा सांगायला गेला, तशी दोघांनी त्याला प्रेमाने हाताला धरून खाली बसवलं. काकी त्याच्या पानापाशी आली, भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेली. तिथल्या बाईने रिकाम्या पानावर हात आडवा धरला.