दोन आज्या, चार गुडघे

बाळांनो, तुमच्या आईचे गुडघे दुखू लागलेत, आणि तिने आपलं आपण जिममध्ये जावं की फिजिओथेरपिस्टकडे, यावर तुमच्या घरी वाद पेटलाय, असं परवा फोनवर कळलं. या वादाचा निकाल आमच्याकडे तुमच्या जन्माआधीच लागलेला आहे. तो लावला तुमच्या कळंब्याच्या आजीने, म्हणजे तुमच्या बाबांच्या आईने. तुम्ही तिला फक्त फोटोत ओळखता, म्हणून लिहिते.

माझ्या या विहीणबाई म्हणजे दारात यम आला असता तर त्यालाही "या पावणं, चा घेनार न्हवं?" म्हणून तासभर बसवून ठेवणाऱ्या. आवाज असा की त्या फाटकात बोलल्या की माझ्या माडीवरची कबुतरं उडत. कोल्हापूरच्या बायकांसारखं स्वतःला "मी आलो, मी गेलो" म्हणत. आमचे दोघींचे गुडघे साधारण एकदमच बिघडले. हाडांच्या डॉक्टरांनी दोघींना एकच सांगितलं: सांध्याची झीज आहे, मांडीचे स्नायू बळकट करा.

मी शिस्तीतली. फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नाव घातलं. पलंगावर पडायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, बाई दहा म्हणेपर्यंत धरायची, मग पाय सरळ उचलून तसंच. विहीणबाई एकदा सोबत आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "निजून कुठं व्यायाम हुतोय व्हय, ईनबाई? टावेल दाबाय शिकवनी लावलीसा?" त्यांनी स्वतः घराजवळच्या नव्या जिममध्ये दुपारची बायकांची वेळ धरली. शिकवायला कोणी नसे, आणि ते त्यांना फार आवडे. "मशीनवर चित्र हाय की. त्यातला मानूस करतोय तसं करायचं." नऊवारीचा काष्टा घट्ट मारून त्या सायकलवर बसत. पायांनी लोटायच्या यंत्राचं नाव त्यांनी 'रेडा' ठेवलं होतं. "आज रेडा हटला बघा!" अशी वर्दी येऊन देत आणि माझ्या हातचे दोन लाडू खात.

अशातच तुमच्या आईला जुळं होणार असं समजलं. तान्ह्या बाळाला आपल्याकडे पाटावर बसून, पाय पसरून, त्या पायांवर घेऊन न्हाऊ घालतात. मला तर खुर्चीतून उठायलाही टेबल धरावं लागे. बाळांना न्हाऊ घालायला बाई लावू, असं मी नुसतं सुचवलं, तर विहीणबाई कडाडल्या, "भाड्याच्या पायावर माझी नातवंडं? न्हाय जमायचं. एक तुमच्या पायावर, एक माझ्या. लागा तयारीला!"

त्या इतक्या जोराने तयारीला लागल्या की चित्रातल्या पहिलवानाएवढीच वजनं त्यांनी रेड्यावर चढवली. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. मी रिक्षात घालून त्यांना आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्या भांडणाच्या तयारीनेच आत गेल्या. बाईंनी गुडघा चाचपला आणि म्हणाल्या, "सूज उतरू दे. मग जिमला जरूर जा, आजी. फक्त वजन कमी ठेवा, हळूहळू वाढवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्हाला सगळं येतंय. आता घरी आपलं आपण करा, माझी गरज नाही."

विहीणबाईंची भांडणाची तयारी वाया गेली. मी मात्र घाबरले. कोणी मोजल्याशिवाय माझा पाय उचललाच जात नसे. रिक्षात त्या म्हणाल्या, "आवं, मोजाय काय लागतंय? मी मोजतो."

तेव्हापासून जिम सुटली की त्या माझ्या पलंगाशी येऊन बसत. मोजणी मोठी लबाडीची. सातपर्यंत सरळ येत, मग "ईनबाई, शेवया वाळल्या काय? शेजारीन आली व्हती न्हवं?" माझा पाय हवेत थरथरतोय, आणि सगळी चौकशी झाल्यावर सावकाश "आठ!" मी चिडे. पण मांडीत बळ आलं ते त्या सात आणि आठच्या मधल्या गप्पांनी. मोठ्या स्टुलावरून लहान स्टूल, लहान स्टुलावरून पाट, अशी मी खाली खाली उतरत गेले.

तुम्ही घरी आलात. न्हाणीघरात दोन पाट शेजारी मांडले. एक माझ्या पायांवर, एक त्यांच्या. तुम्ही दोघंही एका सुरात किंचाळत होतात आणि त्या तुमच्याहून मोठ्याने हसत होत्या. तुम्हाला दुपट्यांत गुंडाळून आईकडे दिलं, आणि मग लक्षात आलं, आता उठायचं होतं. त्यांनी ओला हात पुढे केला. "धरा. तुम्ही मला वडा, मी तुम्हास्नी वडतो." आम्ही उठलो.

तेव्हा निकाल असा: जो व्यायाम रोज होईल तो खरा. सुरुवातीला जाणत्याचा हात लागू द्या, पुढे आईला हवं तिथे जाऊ दे. मात्र तिच्यासाठी कोणीतरी मोजा.

विहीणबाई जाऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही पाट माझ्या न्हाणीघरात आहेत. मी रोज सकाळी पाय उचलून मोठ्याने मोजते, आणि सात झाल्यावर अजूनही जरा थांबते.