पडदा सगळ्यांना सारखा

माझ्या उजव्या डोळ्यात लहानपणी फूल पडलं आणि डाव्याचा नंबर वाढत गेला. तरी कॉलेज झालं आणि बीडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. आईवडील चकलांब्याचे. दसरा झाला की ते धाकट्या बहिणीला घेऊन ऊसतोडीला जायचे, ते पार उन्हाळ्यात परतायचे. तेवढे महिने गावी जाऊन उपयोग नसायचा, घराला कुलूप. मग खोली, क्लास आणि खानावळ. दिवसभर मी पोरांना शिकवत बोलत असायचो, पण माझ्याशी म्हणून कुणी बोलायचं नाही.

एसटीडी बूथ बंद पडत होते आणि त्यांच्या जागी नेट कॅफे येत होते, ते दिवस. क्लासच्या मागच्या गल्लीत एका कापड दुकानदारानं माळ्यावर कॉम्प्युटर मांडले होते. दुपारच्या सुट्टीत मी तिथं जायचो. तिथंच मला तो खेळ सापडला. जगभरची माणसं एकाच वेळी खेळायची, मिळून मालाचा काफिला न्यायची, वाटेत लुटारू आले की लढायची. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत त्यांच्या गप्पा सरकत राहायच्या. त्या माझ्या नजरेत ठरायच्या नाहीत. मी मुक्यासारखा मागं चालायचो.

एका खेळाडूच्या ते ध्यानात आलं. कुठल्याशा थंड देशातला निवृत्त बसचालक होता तो. मधुमेहानं त्याचीही नजर चालली होती. तुला दिसत नाही का, असं त्यानं सरळ विचारलं. काचेला नाक लावून मी ते वाचलं आणि हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः तयार केलेली एक फाईल पाठवली. ती टाकली की खेळाचा पडदाच बदलायचा. काळ्यावर ठळक पिवळी अक्षरं, गप्पांची चौकट मधोमध, लुटारू अंगावर आला की कडा लाल. फाईल मी फ्लॉपीवर घेतली आणि फ्लॉपी शर्टाच्या खिशात.

तो सगळा हिवाळा आम्ही भेटत राहिलो. माझी दुपार असायची, त्याची सकाळ. इंग्रजी दोघांचंही मोडकंच. तो अंगणातल्या बर्फाचं सांगायचा, मी कोयत्याचं आणि मोळ्यांचं. आज तुझी माणसं कुठल्या शिवारात असतील, असं तो आठवणीनं विचारायचा. बीडात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

मग कंपनीची सूचना आली: इथून पुढं कुणालाही आपला पडदा बदलता येणार नाही. कारण असं दिलं होतं की काही जणांनी असल्याच फाइली वापरून लुटारू आधीच दिसायची सोय करून घेतली होती, आपोआप वार करायची सुद्धा. ते खोटं नव्हतं. त्यामुळे पुष्कळ खेळाडू खूश झाले. सगळ्यांना सारखा पडदा, तरच खेळ खरा, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे चिडले. त्या बसचालकानं चर्चेच्या पानावर आमच्या डोळ्यांचं लिहिलं. दिसत नाही तर खेळता कशाला, असं एकानं त्याच्याखाली लिहिलं आणि बरेच जण हसले.

नियम लागू झाला त्या दिवशी चिडलेले सगळे खेळातल्या बाजारात जमले आणि हत्यारं खाली टाकून बसून राहिले. ना व्यापार, ना लढाई. मीही बसलो. फाईल आता चालत नव्हती. शेजारी कोण आहे ते मला दिसत नव्हतं. तो असणार एवढंच धरून चाललो होतो.

दुकानदार वर आले आणि मला पडद्याला चिकटलेलं पाहून काय झालं ते विचारलं. मी थोडक्यात सांगितलं. ते खाली जाऊन एक भिंग घेऊन आले.

"आमचे वडील याच्यानं पोथी वाचायचे," ते म्हणाले. "बघा, काम होतंय का."

भिंगात एक शब्द मोठा व्हायचा, तोवर ओळ वर निघून जायची. काही दिवस मी तसंच रेटलं. दुकानदारांना वाईट वाटू नये म्हणूनही. बसचालकाचं शेवटचं बोलणं मात्र मला त्या भिंगातूनच वाचता आलं, कारण माझ्यासाठी तो एकेक शब्द थांबून थांबून लिहीत होता. मला आता सगळं धुक्यासारखं दिसतं, तू खेळत राहा, असं होतं ते.

उन्हाळ्याच्या तोंडाला कंपनी थोडी नमली. चौकटी हलवता येणार नाहीत, पण अक्षरं मोठी करता येतील. मी लगेच करून पाहिली. गप्पा स्वच्छ वाचता येऊ लागल्या; त्यात तो नव्हता. खेळात आम्ही दोघं जिथून निघायचो त्या नदीच्या उतारावर मी पुष्कळ दुपारी उभा राहिलो. लोक ओलांडून जायचे. एकानं सोबत येतोस का विचारलं, मी नको म्हणालो.

आईवडील परतल्यावर गावी गेलो. आई अंगणात भांडी घासत होती. तिच्याजवळ बसून मी हे सगळं सांगितलं. खेळ तिला किती कळला कोण जाणे.

"त्याला पोरंबाळं हायती का?" तिनं विचारलं.

"कधी बोलला न्हाई."

"तू इचारलं न्हाईस?"

मी मान हलवली. पातेलं धुऊन तिनं उन्हात पालथं घातलं आणि पुढचं घेतलं. मी तिथंच बसून राहिलो.